काश्मीरच्या ट्राउटचा इतिहास : नदी कोणाची, हंगाम कोणाचा?

काश्मीरच्या आधुनिक इतिहासाचे लेखन बहुतेक वेळा १८४६च्या अमृतसर करारापासून सुरू होते आणि १९४७पाशी येऊन थांबते. त्यात राजे असतात, रेसिडेंट असतात, फौजा असतात. नदी क्वचितच असते. या लेखात मला काश्मीरकडे एका माशाच्या बाजूने पाहायचे आहे.

हा मासा म्हणजे ट्राउट. पहलगाम, कोकरनाग किंवा सोनमर्गला गेलेल्या पर्यटकाला तो ‘काश्मीरचा प्रसिद्ध मासा’ म्हणून वाढला जातो. वास्तविक तो काश्मीरचा नाही. १९००च्या आधी खोऱ्यातल्या एकाही नाल्यात तो नव्हता. इंग्रज साहेबाच्या एका खेळासाठी तो आणला गेला. त्याच्यासोबत कायदा आला, परवाना आला, राखणदार आला, राखीव पाणी आले आणि मासेमारीचा एक नवा हंगामही आला. एखाद्या नदीत मासे कधी धरायचे आणि कोणी धरायचे, हे कोण ठरवतो, यावरून त्या मुलखात सत्ता कोणाची होती ते कळते. दस्तऐवज जे सांगत नाहीत, ते कधी कधी पाणी सांगते.

उन्हाने फुगणारी नदी

आपल्याकडे नदी फुगते ती पावसाने. मृगाच्या सरी कोसळल्या की ओढ्यांना गढूळ पाणी येते आणि मासे प्रवाहाच्या उलट चढू लागतात. कोकणात त्याला वलगण म्हणतात, इतरत्र चढणीचे मासे म्हणतात. काश्मीरमध्ये मात्र नदी ऊन पडल्याने फुगते. आभाळ निरभ्र असते, झाडांना नवी पालवी असते आणि खाली नदी दुथडी भरून, राखाडी होऊन धावत असते.

त्याचे कारण हिवाळ्यात आहे. २१ डिसेंबर ते ३० जानेवारी या चाळीस दिवसांना काश्मिरी लोक ‘चिल्ला-ए-कलां’ म्हणतात. फारसीत ‘चिहिल’ म्हणजे चाळीस. सुफी साधकाच्या चाळीस दिवसांच्या एकांतवासाला आपण चिल्ला म्हणतो, तोच हा शब्द. त्यानंतर वीस दिवसांचा ‘चिल्ला-ए-खुर्द’ आणि दहा दिवसांचा ‘चिल्ला-ए-बच्चा’ येतो. ऐन थंडीत पडलेले बर्फ दाबून घट्ट होते आणि टिकते. उशिरा पडलेले लवकर वाहून जाते. म्हणून शेतकऱ्याचा जीव चिल्ला-ए-कलांवर असतो. हेच साठलेले बर्फ एप्रिलपासून सुटू लागते, आणि मे-जूनमध्ये झेलमला व तिच्या उपनद्यांना पूर्ण भर येतो. भाताची लावणी याच पाण्यावर होते.

या पाण्याची एक रोजची भरतीओहोटीही असते. दिवसभर ऊन वर बर्फ वितळवते. ते पाणी खाली पोहोचेपर्यंत दुपार उलटते. त्यामुळे नदी पहाटे सर्वांत उतरलेली आणि संध्याकाळी चढलेली असते. २०२३च्या मे महिन्यात मी पहलगामला लिद्दरच्या काठी काही दिवस होतो. सकाळी ज्या धोंड्यावर मी बसलो होतो, तो संध्याकाळी पाण्याखाली होता. पावसाचा एक थेंबही पडला नव्हता.

२२ एप्रिल २०२५ नंतर पहलगाम हे नाव महाराष्ट्रात दुःखानेच घेतले जाते. त्या हल्ल्यात मारल्या गेलेल्या २६ जणांत सहा जण आपल्या राज्यातले होते, आणि पर्यटकांना वाचवू पाहणारा एक स्थानिक घोडेवालाही होता. त्या गावातून वाहणाऱ्या नदीचा इतिहास लिहिताना ही गोष्ट वगळून पुढे जाता येत नाही.

साहेबाची माशी

ट्राउट ज्या खेळासाठी आला, त्याला फ्लाय फिशिंग म्हणतात. फ्लाय म्हणजे माशी. नेहमीच्या गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात. इथे गळाच्या आकड्यावर पिसे, लोकर आणि रेशमी दोरा गुंडाळून किडा तयार केला जातो. या बनावट माशीला वजन नसते, म्हणून ती फेकता येत नाही. वजन दोरीला असते. काठीच्या झोकाने दोरी हवेत मागेपुढे खेळवायची आणि टोकाची माशी पाण्यावर अलगद उतरवायची, हे त्यातले कसब. ट्राउट पाण्यातले किडे आणि त्यांच्या अळ्या खातो, म्हणून तो फसतो.

ही कला इंग्रजांनी शोधलेली नाही. इसवी सन २००च्या सुमारास इलियन या लेखकाने मॅसिडोनियातल्या लोकांचे वर्णन केले आहे. बेरिया आणि थेस्सालोनिकी या शहरांच्या मधल्या एका नदीत ते ठिपकेदार मासे धरत. त्यासाठी गळाला लाल लोकर गुंडाळत आणि कोंबड्याच्या मानेखालची दोन पिसे बांधत. काठी सहा फूट, दोरीही तेवढीच. म्हणजे हा मुळात नदीकाठच्या साध्या माणसांचा उद्योग होता. इंग्लंडमध्ये १४९६ला छापलेल्या एका ग्रंथात बारा बनावट माश्यांची यादी महिन्यांप्रमाणे दिलेली आढळते. पुढे १९व्या शतकात रेल्वे आणि सुट्ट्यांबरोबर हा खेळ इंग्लंडच्या सुखवस्तू वर्गाची ओळख बनला. फ्रेडरिक हॅलफर्डने १८८६ला तरंगत्या माश्यांवर पुस्तक लिहिले आणि त्याला जवळजवळ धर्मशास्त्राचा दर्जा मिळाला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. हॅलफर्डचे शास्त्र दक्षिण इंग्लंडमधल्या टेस्ट आणि इचेन या नद्यांवर उभे होते. या नद्या चुनखडीच्या झऱ्यांतून निघतात. त्यांना बर्फाचा पूर येत नाही. पाणी नितळ, संथ, वर्षभर जवळजवळ सारखे. लिद्दरचा मे महिना त्या पुस्तकात नव्हता.

गालिच्याच्या कारखान्यातली पिल्ले

साम्राज्य जिथे गेले तिथे साहेबाने आपला मासा सोबत न्यायचा प्रयत्न केला. १८६४ला ‘नॉर्फोक’ जहाजातून बर्फ आणि शेवाळात बांधलेली अंडी इंग्लंडहून टास्मानियाला गेली. तीन महिन्यांच्या प्रवासात जी टिकली, त्यांच्यातून दक्षिण गोलार्धातला ट्राउट उभा राहिला. भारतात १८६०च्या दशकात फ्रान्सिस डे या मत्स्यशास्त्रज्ञाने निलगिरीत प्रयत्न केला, तो फसला.

काश्मीरमध्ये महाराजा प्रतापसिंहांच्या काळात हे घडले. १८९९ला ड्यूक ऑफ बेडफर्ड यांच्या मदतीने इंग्लंडहून दहा हजार अंडी पाठवण्यात आली. ती वाटेतच मेली. १९००च्या डिसेंबरमध्ये स्कॉटलंडहून दुसरी खेप आली आणि ती जगली. या सगळ्यामागे धडपड होती ती फ्रँक मिचेल या श्रीनगरमधल्या गालिचे-कारखानदाराची. आलेल्या माशांपैकी काही दाचीगामच्या बाजूला ठेवले गेले आणि काही चक्क मिचेलच्या कारखान्याच्या आवारात, बाग-ए-दिलावर खान इथे वाढवले गेले. पुढे हारवनला मत्स्यबीज केंद्र उभे राहिले. मिचेलच रियासतीच्या मत्स्य खात्याचे काम पाहू लागला. १९०३ला मासेमारीचा कायदा झाला.

हा गालिच्याचा कारखाना तिथे का होता, हे विचारले की माशाचा इतिहास माणसांच्या इतिहासाला येऊन मिळतो. काश्मीरची शाल युरोपात, विशेषतः फ्रान्समध्ये विकली जाई. १८७०-७१च्या फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर ती बाजारपेठ कोसळली. त्याआधीच शालबाफ, म्हणजे शाल विणणारे कारागीर, डोग्रा राजवटीच्या ‘दाग-शाल’ खात्याच्या करांखाली पिचून गेले होते. १८६५च्या एप्रिलमध्ये श्रीनगरच्या झालदगर भागात त्यांनी मोर्चा काढला, फौजेने तो उधळला आणि कित्येक जण नाल्यात बुडून मेले. मग १८७७-७९चा दुष्काळ आला. या पडझडीतून जगलेले हात गालिच्यांच्या कारखान्यांत मजुरीला लागले. कारखाने बहुतांशी युरोपियनांचे, कारागीर बहुतांशी मुसलमान. त्याच आवारात स्कॉटलंडच्या माशांची पिल्ले वाढत होती. त्यांना थंड, वाहते, स्वच्छ पाणी दिवसरात्र लागे. ते पाणी कोणी राखले, पिल्लांना कोणी खाऊ घातले, मेलेली कोणी वेचून काढली, त्यांची नावे इतिहासात नाहीत. नाव आहे ते ड्यूकचे, महाराजाचे आणि मिचेलचे.

दहा गावांचे पाणी

‘दाचीगाम’ या नावाचा अर्थच दहा गावे. १९१०ला श्रीनगरच्या पिण्याच्या पाण्याच्या रक्षणासाठी आणि महाराजाच्या शिकारीसाठी हे रान राखीव झाले. तिथली गावे उठवली गेली; नाव तेवढे राहिले. या रानातून वाहणारा नाला हारवनच्या तलावाला येतो आणि याच पाण्यावर ट्राउट रुजला. गावांना जी जागा मिळाली नाही, ती माशाला मिळाली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

हारवनहून मग हा मासा पसरला. लिद्दर, सिंध नाला (ही आपली सिंधू नदी नव्हे, सोनमर्गकडून येऊन शादीपूरला झेलमला मिळणारी उपनदी), ब्रिंगी असे एकेक पाणी त्याने व्यापले. १९०९ला काश्मीरच्या बीजावर कुलूच्या बियास नदीत ट्राउट सोडला गेला. गिलगिटकडच्या नद्यांतही तो काश्मीरमधूनच गेला. आज नियंत्रण रेषेच्या दोन्ही बाजूंना जो तपकिरी ट्राउट आढळतो, त्याचे मूळ घराणे एकच आहे. माणसांची घराणी मात्र त्या रेषेने तोडली.

नद्यांचे तुकडे पाडून त्यांना ‘बीट’ म्हटले गेले. एका बीटवर परवानाधारक साहेब काठी घेऊन उभा राहणार आणि बाकीच्यांनी त्या पाण्यात हात घालायचा नाही. कालपर्यंत जो गावकरी चार मासे घरी नेत होता, तो कायद्याच्या भाषेत चोर झाला.

दोन मासे, दोन पंचांगे

काश्मीरच्या थंड पाण्यात मासे नव्हते असे नाही. ‘कॉशुर गाड’ म्हणजे काश्मिरी मासा म्हणून ओळखली जाणारी शायझोथोरॅक्स कुळातली बारीक खवल्यांची जात इथली मूळची रहिवासी. इंग्रजांनी तिला नाव दिले ‘स्नो ट्राउट’. ती ट्राउट नव्हेच, ती आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातली आहे. पण ज्याला आपल्या घरचा मासा हवा असतो, त्याला परक्या घरातही तोच दिसतो. हा मासा मुसलमानांच्या घरी नदरू म्हणजे कमळकाकडीबरोबर शिजतो, आणि काश्मिरी पंडितांच्या घरी पौषात ‘गाड-बत्ता’च्या दिवशी गृहदेवतेला भाताबरोबर वाढला जातो. एकाच नदीने दोन्ही स्वयंपाकघरे सांभाळली.

हा देशी मासा वीण करतो ती वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला. बर्फाचे पाणी सुटले की तो प्रवाहाच्या उलट नाल्यांमध्ये चढतो, आणि गोट्यांच्या उथळ जागी अंडी घालतो. म्हणजे आपल्या वलगणीसारखीच ही काश्मीरची चढण आहे. फक्त ती मृगाच्या पावसाऐवजी चिल्ला-ए-कलांच्या बर्फावर चालते.

ट्राउटचे उलटे आहे. तपकिरी ट्राउट हिवाळ्याच्या तोंडाला, नोव्हेंबरच्या सुमारास वीण करतो. त्यामुळे ट्राउटच्या नाल्यांवर हिवाळ्यात बंदी आणि वसंतापासून शरदापर्यंत मासेमारी खुली, असा हंगाम ठरला. ट्राउटसाठी तो अगदी शास्त्रशुद्ध आहे. पण देशी माशाच्या दृष्टीने पाहा. त्याच्या बाळंतपणाचे महिने नेमके खेळाच्या हंगामात आले. शिवाय नदीत एक नवा शिकारी आला होता. तपकिरी ट्राउट मोठा झाला की इतर माशांची पिल्ले खातो. वरच्या थंड पाण्यात त्याने आपले राज्य बसवले.

साहेबाच्या दृष्टीने बर्फाच्या पुराचे आठवडे म्हणजे वाया गेलेले दिवस. पाणी गढूळ, माशी दिसत नाही, पाय ठरत नाही. देशी माशाच्या दृष्टीने तेच आठवडे वर्षभरातले सर्वांत मोलाचे. पाणी एकच, पंचांगे दोन. रियासतीने त्यांपैकी एकच पंचांग कायद्यात लिहिले. देशी माशाचे पंचांग नदीकाठच्या माणसांना पाठ होते, पण ते कोणी विचारले नाही.

गढूळ पाण्यातले ज्ञान

वाढलेल्या पाण्यात मासा धरता येत नाही, हेही खरे नाही. ट्राउट मधल्या धारेत टिकू शकत नाही, म्हणून तो काठाला येतो. मोठ्या धोंड्यामागे, वळणाच्या आतल्या बाजूला, झाडांच्या मुळांखाली, जिथे पाणी थबकते तिथे तो उभा राहतो. तिथे बारीक तरंगती माशी चालत नाही. मोठी, गडद रंगाची, तळाशी बुडणारी माशी लागते. पहाटे, नदी उतरलेली असताना जावे लागते. आणि सर्वांत चांगला उपाय म्हणजे फुगलेली नदी सोडून झऱ्याच्या नाल्याला जाणे.

लिद्दरकाठी मला एक वृद्ध राखणदार भेटले. त्यांचे वडीलही हेच काम करत. साहेबांना कोणत्या धोंड्याशी उभे करायचे हे वडील ठरवत, असे ते सांगत होते. साहेब बसायचा तंबूत, पाण्याचा रंग पाहून यायचे ते वडील. मासा मिळाला की डायरीत साहेबाचे नाव आणि माशाचे वजन लिहिले जाई. ज्याने जागा दाखवली त्याचा उल्लेख ‘शिकारी’ एवढाच. हॅम्पशायरचे पुस्तक घेऊन आलेल्या माणसाला लिद्दरचा मे महिना कोणीतरी शिकवलाच असणार. कोणी, ते त्या डायऱ्या सांगत नाहीत.

काश्मीरमधल्या पाण्यावरच्या लोकांना हांजी म्हणतात. वॉल्टर लॉरेन्स १८८९पासून काश्मीरचा जमाबंदी अधिकारी होता. १८९५च्या आपल्या ग्रंथात त्याने त्यांचे पोटभेद नोंदवले आहेत. मासे धरणारे गाड हांज, तरंगत्या मळ्यांवर भाजी पिकवणारे डेम्ब हांज, वुलर तलावात शिंगाडे काढणारे गारी हांज. हे लोक स्वतःला हजरत नूह यांचे वंशज म्हणवतात, हेही त्याने लिहिले आहे. महापुरातून माणसाला तारून नेणाऱ्या पैगंबराशी नाते सांगणारी ही जमात. पण मत्स्य खात्याच्या इतिहासात ती दिसते ती फक्त बंदी कोणावर घातली हे सांगताना.

जहांगीरचे झरे

झऱ्याच्या नाल्यांचा उल्लेख वर आला. दक्षिण काश्मीरच्या चुनखडीच्या डोंगरातून वेरीनाग, अचबल, कोकरनाग असे मोठे झरे फुटतात. डोंगरात मुरलेले बर्फाचे पाणी गाळून, थंड होऊन, जवळजवळ सारख्या तापमानाने बाहेर येते. बाहेर नदी गढूळ असताना इथे तळाचा गोटा दिसतो. निसर्गाने इंग्लंडच्या चुनखडीच्या नद्यांशी काश्मीरचे नाते इथे जोडून ठेवले होते.

हे पाणी मोगलांनी तीन शतके आधी ओळखले होते. ऐन-ए-अकबरीत कोकरनागच्या झऱ्याची नोंद आहे. जहांगीरने वेरीनागला अष्टकोनी हौद बांधला, अचबलला बाग उभी राहिली. १६६५ला औरंगजेबाच्या लवाजम्यासोबत काश्मीरला गेलेल्या फ्रान्स्वा बर्नियेने अचबलनंतर पाहिलेल्या एका शाही बागेतल्या माशांचे वर्णन केले आहे. हाक मारली की ते जवळ येत, आणि मोठ्या माशांना सोन्याच्या कड्या होत्या. त्या नूरजहाँने घातल्या, असे त्याला सांगण्यात आले. हाही बादशाही षोकच होता, त्याचा खर्चही रयतेच्या घामातून निघाला, यात शंका नाही. मोगलांना सोडून इंग्रजांनाच दोष देणे मला मान्य नाही. फरक एवढाच की त्या हौदातला मासा तिथलाच होता.

विसाव्या शतकात याच झऱ्यांवर ट्राउटची केंद्रे बसली. १९८४ला युरोपीय आर्थिक समुदायाच्या मदतीने कोकरनागला मोठा प्रकल्प उभा राहिला. आज खोऱ्यातले अनेक तरुण झऱ्याच्या पाण्यावर सिमेंटच्या अरुंद हौदांत इंद्रधनुषी ट्राउट वाढवतात, बोटुकली सरकारी केंद्रातून आणतात आणि मासा विकून घर चालवतात. साहेबाच्या खेळाचा मासा सव्वाशे वर्षांनी काश्मिरी माणसाच्या पोटापाण्याचा झाला, ही या इतिहासातली चांगली बाजू आहे. ट्राउटला परका म्हणून हाकलून द्या, असे मी म्हणणार नाही. बटाटा, मिरची, टोमॅटोही परकेच होते. कोण कुठून आला यावरून हक्क ठरवण्याची सवय माणसांच्या बाबतीत किती घातक ठरते, हे आपण पाहतोच आहोत.

पाण्याचा हिशेब

पण आता हे पंचांगच हलू लागले आहे. लिद्दरची पश्चिम धार ज्या कोलाहोई हिमनदीतून निघते, ती आक्रसत चालली आहे. २०२४च्या जानेवारीत, ऐन चिल्ला-ए-कलांमध्ये, गुलमर्गचे उतार उघडे होते. बर्फ कमी पडले, उशिरा पडले किंवा लवकर वितळले तर मे-जूनची भर घटते. देशी माशाची चढण, भाताची लावणी, झऱ्यांचे पाणी आणि ट्राउटचे हौद हे सगळे त्या एकाच बर्फावर अवलंबून आहेत. परका आणि देशी हा भेद इथे संपतो.

अशा वेळी जुन्या नोंदी उपयोगी पडायला हव्यात. कोणत्या वर्षी पाणी कधी चढले, कोणत्या धोंड्यापर्यंत आले, मासे कधी चढू लागले. ट्राउटच्या नोंदी सापडतात, कारण त्या साहेबाला हव्या होत्या. पाण्याच्या या नोंदी नदीकाठच्या माणसांच्या डोक्यात होत्या, आणि ज्यांना परवाना नव्हता त्यांना कोणी विचारले नाही. ती माणसे एकेक करून जात आहेत. लिद्दरचे ते राखणदार बोट दाखवून सांगत होते, की त्यांच्या लहानपणी या दिवसांत पाणी समोरच्या काळ्या रेघेपर्यंत यायचे. धोंड्यावरची ती रेघ आता पाण्याच्या हातभर वर आहे. कोणत्याही दप्तरात ती नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो आहे.